बांध नसलेली वाटणी

“महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेव. सीचा भरवसा नाही.” नव्वदच्या दशकात ज्यांनी पहिला कॉम्प्युटर घेतला, त्या प्रत्येकाला हा सल्ला कुणी ना कुणी दिलेला असतो. देणारा बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मशीन जोडून देणारा एखादा पोरगा असायचा. सिस्टिम दर काही महिन्यांनी बिघडणार, मग सी फॉरमॅट होणार आणि डी शाबूत राहणार, हे त्याने आधीच गृहीत धरलेलं असे. आमच्या पिढीची कॉम्प्युटरशी ओळख झाली ती अशी, डिस्कच्या वाटणीपासून.

ही वाटणी, म्हणजे पार्टिशन, हौसेपोटी सुरू झाली नव्हती. १९८७ सालच्या डॉस ३.३ ला ३२ मेगाबाइटच्या पलीकडचं पार्टिशन हाताळता येत नसे. डिस्क ४० ची असली की ३२ चा सी आणि उरलेल्या ८ चा डी, दुसरा इलाज नाही. ती मर्यादा गेली आणि मग फाइली मांडण्याच्या फॅट-१६ या पद्धतीची २ गिगाबाइटची मर्यादा आडवी आली. शिवाय मोठं पार्टिशन महागात पडायचं. २ गिगाबाइटच्या पार्टिशनवर दोन ओळींचं पत्र साठवलं तरी ते ३२ किलोबाइट अडवून बसे. पार्टिशन अर्ध्या गिगाबाइटच्या आत ठेवलं, तर तेच पत्र ८ किलोबाइटमध्ये भागायचं. म्हणजे वाटणी केली की जागा खरोखर वाचत होती. सगळ्या वाटण्यांची नोंद डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी ६४ बाइटांत व्हायची. एका नोंदीला १६ बाइट लागत, म्हणून नोंदी चारच. पाचवा वाटेकरी आला, की चारांपैकी एकाला ‘एक्स्टेंडेड’ करून त्याच्या पोटात पाचव्याची सोय लावायची.

हे सगळं करायचं ते डॉसच्या एफडिस्क या प्रोग्रॅममध्ये. काळा पडदा आणि त्यावर पार्टिशन करा, सक्रिय करा, काढून टाका, बघा असे चार पर्याय. काढून टाकायचं म्हटलं, तर तो पार्टिशनला दिलेलं नाव टाइप करायला लावायचा आणि मग पुन्हा खात्री विचारायचा. ‘वाय’ दाबलं की विषय संपला. तेवढा वेळ घरात कुणी मिक्सर लावलेला चालत नसे. दिवे गेले तर काय, या धास्तीने आम्ही संध्याकाळऐवजी पहाटेची वेळ धरायचो.

वाईकडची आमची शेती काका आणि वडील यांच्यात वाटली गेली, तेव्हा तलाठ्याकडे सातबारा बदलला आणि शेतात बांधही पडला. हार्डडिस्कचं अगदी तसंच होतं. पार्टिशनच्या तक्त्यात नोंद व्हायची आणि खाली फिरत्या तबकडीवर खरीखुरी हद्द असायची. सी बाहेरच्या कडेला, डी आतल्या बाजूला. बाहेरचा घेर मोठा, म्हणून एका फेऱ्यात तिथून जास्त माहिती वाचली जाई आणि सी थोडा वेगवान पडे. आपण आखलेली रेघ धातूच्या तबकडीवर कुठेतरी खरोखर उमटली आहे, याचं समाधान मोठं होतं.

नोकरीने सिंगापूरला आणलं आणि सेम्बावांगला घर मिळालं, तेव्हा इथलं एमआरटी स्टेशन नवंच होतं. ते १९९६ च्या फेब्रुवारीत सुरू झालेलं. एकेकाळी ब्रिटिश आरमाराचा तळ असलेलं हे बेटाचं उत्तर टोक. समोर सामुद्रधुनी आणि पलीकडे जोहोरचा किनारा. १९३८ साली उघडलेली राजा सहाव्या जॉर्जची सुकी गोदी, पुढे तिथेच आलेलं जहाजदुरुस्तीचं शिपयार्ड आणि वसाहतीच्या काळातले काळेपांढरे बंगले यांमुळे हा भाग शहरापासून जरा फटकून राहिलेला. सुट्टीच्या दिवशी गाडीने सिटी हॉलला जायचं, तिथे बदलून बुगिसला उतरायचं आणि सिम लिम स्क्वेअर हे कॉम्प्युटरच्या दुकानांचं संकुल गाठायचं, हा आमचा देवदर्शनाइतका नेमाचा कार्यक्रम होता. हार्डडिस्कच्या बाबतीत सिंगापूर हे माहेरघरच. सीगेट १९८२ मध्ये इथे आली आणि पुढच्या काही वर्षांत हा देश हार्डडिस्क बनवणारं जगातलं सर्वांत मोठं केंद्र झाला. डिस्क घरी आणायची आणि पार्टिशन मॅजिक हे सॉफ्टवेअर लावायचं. आतला मजकूर न पुसता हद्दी माऊसने सरकवता यायच्या, तेव्हा एफडिस्कवर वाढलेल्या माणसाला ती करणी वाटायची.

मग पेनड्राइव्ह आला आणि तोही याच बेटावरून. ट्रेक २००० या सिंगापूरच्या कंपनीने २००० साली जर्मनीत हॅनोव्हरच्या सेबिट प्रदर्शनात आपला ‘थम्बड्राइव्ह’ मांडला. शोधाचा मान कुणाचा, यावर इस्राएलच्या एम-सिस्टिम्सचाही दावा आहे आणि पेटंटांचे खटले बरीच वर्षं चालले. सुरुवातीच्या ८ मेगाबाइटच्या पेनड्राइव्हमध्ये पाच फ्लॉपी मावायच्या आणि तो खिशात घालून आम्ही ऐटीत फिरायचो. त्यात वाटणीचा प्रश्नच नव्हता, कारण वाटायला काही नव्हतंच.

प्रश्न आला तो गिगाबाइट वाढल्यावर. जुनी खोड जाईना. एका भागात लिनक्स, दुसऱ्यात ऑफिसची कामं, तिसऱ्यात कुलूपबंद खासगी कागद, असे बेत आम्ही आखायचो. लिनक्सला ते मान्य होतं. विंडोजचं धोरण मात्र वेगळं होतं. जे काढता-घालता येतं, त्यावरचं पहिलं पार्टिशन तेवढं ती दाखवायची. बाकीची तिच्या लेखी अस्तित्वातच नसत. त्यावर मग नाना युक्त्या निघाल्या. पेनड्राइव्ह ‘मी काढता येणारा आहे’ असं सांगतो, ती एक खूणच बदलून टाकायची. नाहीतर मूळ मायक्रोड्राइव्ह या चिमुकल्या हार्डडिस्कसाठी लिहिलेला ड्रायव्हर लावून विंडोजला तो हार्डडिस्क असल्याचं भासवायचं. रात्र रात्र जागून आम्ही हे करत होतो आणि त्यात मजा होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

२०१७ च्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीत ही अट गेली. पेनड्राइव्हवर हवी तितकी पार्टिशनं करा, सगळी दिसतील. इतकी वर्षं जी परवानगी हवी होती ती मिळाली, पण तोवर हौसच उरली नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी ‘सेफली रिमूव्ह’ न करता पेनड्राइव्ह उपटण्याची सोयही मूळ सेटिंगमध्येच आली. आमची बोटं मात्र अजून सवयीने कोपऱ्यातलं ते चिन्ह शोधतात.

वय असं कळतं. सिम लिममधल्या दुकानदाराला मी पूर्वी ‘बॉस’ म्हणायचो. आता तिथला पोरगा मला ‘अंकल’ म्हणतो आणि नखाएवढ्या कार्डावरची अक्षरं चष्मा वर करून वाचेपर्यंत थांबून राहतो. ज्या आकड्यांवर तेव्हा अर्धा तास घासाघीस व्हायची, ते आता विचारायचेही राहून जातात. एक मोठा ड्राइव्ह घ्यायचा, एकच पार्टिशन ठेवायचं आणि टीव्हीला, कारच्या स्टिरिओला वाचता आलं की पुरे. फॅट-३२ मध्ये ४ गिगाबाइटहून मोठी फाइल मावत नाही, म्हणून एक्सफॅट. एवढंच काय ते तंत्रज्ञान आता डोक्यात शिल्लक आहे.

पण हौस संपली ती निव्वळ थकव्याने नव्हे. पेनड्राइव्हच्या पोटात काय चालतं, ते नीट कळलं आणि वाटणीतली हवाच गेली. सेम्बावांग आणि वुडलँड्स यांच्या मधल्या पट्ट्यात, नॉर्थ कोस्ट ड्राइव्हवर, फ्लॅश मेमरीच्या चिप बनवणारा मायक्रॉनचा प्रचंड कारखाना आहे. इंटेल आणि मायक्रॉन यांनी मिळून तो २०११ मध्ये सुरू केला. अशा चिपमधली प्रत्येक पेशी ठरावीक वेळा लिहून-पुसून झिजते. म्हणून ड्राइव्हमधला कंट्रोलर झीज सगळीकडे सारखी वाटून देण्याचा प्रयत्न करतो. आपण ‘डी’मध्ये ठेवलेली फाइल आज चिपच्या या कोपऱ्यात असते, उद्या त्या. सी आणि डीचे तुकडे शेजारी शेजारी पडलेले असतात. सातबारा आहे, पण शेतात बांध कुठेच नाही. कंट्रोलर जळला, की सगळे वाटेकरी एकाच वेळी भूमिहीन.

म्हणून पार्टिशन निरुपयोगी ठरत नाही. रास्पबेरी पायच्या कार्डावर सुरू होण्यापुरता फॅटचा एक छोटा भाग आणि उरलेला लिनक्सचा, अशी विभागणी लागतेच. व्हेन्टॉयसारखं साधन पेनड्राइव्हचे दोन भाग करतं आणि एकाच ड्राइव्हवरून हव्या त्या सिस्टिमने मशीन सुरू करता येतं. मुलीच्या हातातल्या फोनमध्ये तर डझनावारी पार्टिशनं आहेत. कित्येक अँड्रॉइड फोनांत सिस्टिमच्या दोन प्रती शेजारी शेजारी असतात. एक चालू असताना दुसरी गुपचूप अद्ययावत होते. मी एकदा तिला ही विभागणी दाखवायला बसलो. “बाबा, हे मला कशाला माहीत हवं?” तिने विचारलं आणि तिचं बरोबर होतं. पार्टिशनं आहेत तिथेच आहेत. ती करणारा हात तेवढा आता आपला राहिला नाही.

एफडिस्कचे दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. त्या दिवसांनी एक गोष्ट मात्र शिकवली होती. आपली वस्तू कुठे आहे आणि ती कशाने जाऊ शकते, हे माणसाला ठाऊक असे. आज फोटो कुठे आहेत विचारलं, तर उत्तर ‘फोनमध्ये’ असं येतं. आणि आमच्या पिढीचं उत्तर ‘डीमध्ये’ असं येतं, तेही आता तितकंच पोकळ आहे. फाइल डीमध्ये ठेवल्याने सिस्टिमच्या बिघाडातून वाचायची. डिस्कच गेली तर तेव्हाही वाचत नव्हती. आम्ही वाटणीला सुरक्षितता समजत आलो. खरी सुरक्षितता दुसऱ्या प्रतीत असते, वेगळ्या ड्राइव्हवर आणि शक्यतो वेगळ्या घरात. आमची एक प्रत सेम्बावांगला आहे आणि दुसरी वाईला भावाकडे.

तेव्हा ज्यांच्या कपाटात जुने पेनड्राइव्ह पडून आहेत, त्यांना एवढंच सांगणं. फ्लॅशमधली माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठवलेली असते आणि वर्षानुवर्षं न लावलेल्या ड्राइव्हमधून तो भार हळूहळू झिरपत जातो. आई-वडिलांचे आवाज, लग्नाचे फोटो, श्रीलिपी फॉन्टात टाइप केलेली जुनी पत्रं त्यात असतील, तर या रविवारी ते बाहेर काढा आणि दोन ठिकाणी उतरवून घ्या. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये करून ठेवा, नाहीतर फॉन्टअभावी पुढच्या पिढीला तो नुसत्या खुणांसारखा दिसेल. पार्टिशन एक ठेवा की चार, त्याने काही बिघडत नाही. प्रती मात्र दोन हव्यात.