एक पान जास्त

सर्वपित्री अमावास्येला वर्गात पोरे कमीच असतात. यंदा ठाकुरवाडीची तिघे तर आठवडाभर फिरकली नव्हती. घरात पत्नीची स्वयंपाकाची गडबड चालू होती. मला श्राद्धपक्षाचे सोयरसुतक नाही. तेव्हा घरातून निसटायला हे निमित्त बरेच सापडले म्हणायचे. चपला सरकवल्या आणि पोरांच्या शोधात निघालो.

कर्जतेला गाडीला मागून जादा इंजिने जोडतात आणि ती बोरघाट चढू लागते. या घाटातच ठाकुरवाडीचे लहानसे ठाणे आहे. उतारूंना ते नाव पाटीपुरतेच ठाऊक. धबधबे पाहण्याच्या नादात पाटीही कित्येकदा निसटून जाते.

पोरे भेटली. दोघांना ताप होता, तिसरा गुरांमागे गेला होता. परत फिरताना एका झोपडीमागे आइनाच्या बुंध्याशी एक म्हातारी वाकलेली दिसली. पळसाच्या पानावर तिने तांदळाची भाकर, चिमूटभर मीठ ठेवले आणि शेजारी करवंटीत पाणी ओतले.

“आजी, हे कुणासाठी?”

“लायनीवर मेली, त्यांच्यासाठी.”

“तुमच्यातली होती का कुणी?”

“नाय गुर्जी. कुनाचीच नव्हती. म्हनून तर मी ठेवते.”

हा काही तिच्या जमातीचा रिवाज नव्हे. तिच्या सासूने तिला सांगितले होते, सासूला तिच्या सासूने. त्यापलीकडचे तिला ठाऊक नव्हते.

त्यापलीकडचे मला ठाऊक होते. वर्गात मी ते शिकवतो. १८५६ च्या आरंभी बोरघाटाचे काम सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिलात घाट वाहतुकीला खुला झाला. १५ मैलांहून थोडे अधिक अंतर, १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे. माणसे दोराने कड्यावर लोंबकळून सुरुंगाची भोके पाडीत. एका हंगामात तर चाळीस हजारांवर मजूर कामावर होते. सुरुंगांनी आणि दरडींनी मारले त्याहून अधिक माणसे पटकीने आणि तापाने नेली. एकंदर २५,००० माणसे दगावली असावीत, असा अंदाज सांगितला जातो.

इंजिनिअर बर्कले यांचे नाव इतिहासात राहिले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ साली इकडे आला आणि काही दिवसांतच वारला. मग त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. त्यांचीही नावे राहिली. राहावीतच, तोही बिचारा परमुलखात मेला. पण त्या पंचवीस हजारांतले एकही नाव मला सांगता यायचे नाही. मिनिटाला एक या हिशेबाने ती नावे वाचायची म्हटली, तर सतरा दिवस आणि सतरा रात्री पुरणार नाहीत. पण वाचणार काय? मी कादंबऱ्या लिहितो. कधीच नव्हत्या अशा माणसांना हौसेने नावे ठेवतो. खरोखरीच होऊन गेलेल्या या माणसांसाठी मी आजवर एक ओळही लिहिलेली नाही.

म्हातारीने दुसरे पान मांडले.

“आणि हे?”

“इरशाळवाडीचं.”

मी गप्प झालो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या त्या ठाकरांच्या वाडीवर इरशाळगडाचा डोंगर कोसळला. २७ जणांचे देह हाती लागले. ५७ जण सापडलेच नाहीत. चौथ्या दिवशी शोध थांबला आणि ती माती हीच त्यांची समाधी झाली.

“मुंग्या खाऊन टाकतील, आजी,” काहीतरी बोलायचे म्हणून मी बोललो.

“खाऊ द्या की. त्यांनाबी भूक हायच.”

परतीच्या वाटेवर मला माझी आई आठवली. १९७२ च्या दुष्काळात तिचा थोरला भाऊ कामाच्या शोधात घराबाहेर पडला. त्याचे पत्र आले नाही, की निरोप आला नाही. रूढीप्रमाणे बारा वर्षे वाट पाहून आईने सर्वपित्रीला त्याचे पान वाढले. त्या दिवशी ती जेवली नव्हती, असे वडील सांगत. ते एक पान वाढायचे म्हणजे भाऊ गेला हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचे. पुढे दर वर्षी ती एक पान जास्त मांडी. आई गेली आणि मी ते बंद केले. मामा कुठेतरी जिवंत असेल, जिवंत माणसाचे पान कसले वाढायचे, असे मी म्हणालो. बोलणे सुधारकाचे होते, पण खरे कारण आळस हेच होते.

त्या घाटात मेलेला प्रत्येक मजूर असाच कुठल्या तरी घरातून बाहेर पडला असेल. त्याच्याही घरी कुणी बारा वर्षे वाट पाहिली असेल. ज्याचे इथे कुणी नव्हते, त्याचे तिकडे कुणीतरी होतेच. त्या कुणाचे तरी काम ही म्हातारी करीत होती. माझ्या मामाचे पानही कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला अशीच कुणी परकी बाई मांडीत असेल काय?

घरी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. जरा चाचरतच पत्नीला म्हणालो, “एक पान जास्त वाढशील का? मामाचं.”

तिने चमकून माझ्याकडे पाहिले.

“सकाळीच ठेवलं,” ती म्हणाली. “मागच्या दारी. दर वर्षी ठेवते. आईंनी जाताना सांगितलं होतं.”

“मला कधी बोलली नाहीस?”

“तुम्हांला पटत नाही ना,” ती म्हणाली आणि माझे ताट घ्यायला आत गेली.

मी मागच्या दारी जाऊन पाहिले. पान रिकामे होते. कडेला दोन-चार मुंग्या तेवढ्या फिरत होत्या.