काळी, पांढरी आणि काचेचे कपाट

आमच्या वसतिगृहात येणाऱ्या मुलांना काळी आणि पांढरी यांतला भेद शिकवावा लागत नाही. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गाव वसल्याची जागा. मातीच्या भिंती ढासळून, चुलींची राख साचून ती पिढ्यान्‌पिढ्या उंच होत जाते. पुरातत्त्वाचा अभ्यासक या पांढरीत उतरतो. जीवाश्मांच्या अभ्यासकाला तिच्याशी कर्तव्य नसते. माणूसच नव्हता, त्या काळाचे खडक त्याला हवे असतात. लोक मात्र दोघांनाही ‘हाडे शोधणारे’ म्हणून एकाच पंगतीत बसवतात.

आपल्या बाभुळगाव तालुक्यातील पाचखेडच्या टेकाडावर नागपूर विद्यापीठाने २०२३-२४ च्या हंगामात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगीन वस्तीपासून निजामाच्या अमलापर्यंतचे थर तेथे एकावर एक मिळाले. त्यांत चुन्याची जमीन असलेले एक गोल घर होते, चूल होती आणि खांबांची भोके होती. खांब केव्हाच कुजले; भोकात शिरलेल्या मातीचा पोत तेवढा निराळा. खुरपीने हळूहळू तासणाऱ्यालाच तो कळतो. असे भोक उचलून आणता येत नाही, कपाटात मांडता येत नाही. पण घर गोल होते हे त्यानेच सांगितले.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातील पिसदुऱ्याला कामाची तऱ्हाच वेगळी. तेथे चौकोनी खड्ड्यांपेक्षा शेताशेतांतून पायपीट अधिक. डायनासोरांच्या हाडांचे तुकडे आणि दगड झालेली विष्ठा तेथे वर उघडी पडते. वय साडेसहा कोटी वर्षांहून अधिक. या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यांत भाताच्या कुळाशी नाते सांगणारे कणही होते. डायनासोरांच्या काळात गवत होते, याचा असा पुरावा तोवर हाती नव्हता. शेणाचे मोल आम्हां शेतकऱ्यांच्या लेकरांना निराळे सांगायला नको!

स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर परिसरात जीवाश्मही गोळा केले आणि प्राचीन शिळावर्तुळेही अभ्यासली. टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते पुराच्या ओढ्यात बुडाले. आज दोन्ही विद्या एका माणसाला पेलणार नाहीत. परंतु वस्तू कोठे, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती, हा प्रश्न दोघींचा एकच.

म्हणूनच माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. शाळेच्या कपाटासाठी आपण प्रेमाने खापरे, मणी, वणीकडच्या कोळसा खाणींतले पानांचे ठसे आणता. पाचखेडसारख्या कित्येक पांढऱ्यांची माती आज ट्रॅक्टरने शेतांत जाते आहे. त्यात आपल्या हातांची भर नको. वस्तू जागेवर राहू द्यावी. गावाचे नाव, गट क्रमांक, विहीर किंवा बांधापासूनचे अंतर एवढे चिठ्ठीवर लिहून पाठवावे. कपाटातला वरचा खण आम्ही या चिठ्ठ्यांसाठी रिकामा केला आहे.