मुकं तेल
मोटारीला पेट्रोल लागते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ब्रेक ऑइलची मात्र कोणाला आठवणही होत नाही! बॉनेटखालच्या इवल्याशा डबीत ते बिचारे मुकाट्याने बसलेले असते. पण त्याला एक खोड आहे : हवेतले पाणी पिण्याची. नवे डॉट ४ तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. शेकडा तीन-चार टक्के पाणी मुरले, की हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. मग कुंभार्ली घाट उतरताना, सारखा ब्रेक दाबून चाके तापली, की तेलात वाफ धरते. तेल दबत नाही, वाफ दबते. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, मी ते बदलून घेतो.
“साहेब, तेल चांगलं दिसतंय की!” मिस्त्री म्हणतो.
“असेल बाबा, पण मागं नातवंडं बसतात!”