मिनिटांचे शहर, वारांचे शहर

मुंबई आणि पुणे यांच्यातील चढाओढ बहुधा विनोदाचा विषय ठरते, आणि पु. ल. देशपांडे यांनी तर तीत नागपूरकरालाही ओढले. परंतु या शहरांतील खरा भेद स्वभावापेक्षा वेळेकडे पाहण्याच्या रीतीत शोधणे अधिक फलदायी ठरावे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढे रुळांच्या कडेने वस्ती उत्तरेकडे सरकत गेली, त्यामुळे मुंबईत अंतर मैलांऐवजी मिनिटांत सांगितले जाते, आणि आठ-बावनची लोकल ही नुसती गाडी न राहता, ठरलेल्या डब्यात भजने म्हणणाऱ्या किंवा मांडीवर भाजी निवडणाऱ्या प्रवाशांची रोजची फिरती आळी बनते. जुन्या पुण्यात मात्र पत्ता पेठेने सांगतात. पेठ म्हणजे बाजार व वस्तीसाठी मुद्दाम वसवलेला शहराचा विभाग, आणि अशा कित्येक पेठांना वारांची नावे असल्याने तेथील काळ मिनिटांच्या नव्हे, तर आठवड्याच्या हिशेबाने चालतो, असे गमतीने म्हणता येईल. दुपारी एक ते चार बंद राहणारे दुकान हा त्याच हिशेबाचा भाग होय, आळसाचा नव्हे. अर्थात गिऱ्हाइकाला हे पटेलच असे नाही. पुणे-मुंबई मार्गावर १९३० पासून धावणाऱ्या ‘दख्खनच्या राणी’ या आगगाडीचे पासधारक मात्र सकाळी पुणे सोडून रात्री परततात आणि दोन्ही घड्याळे एकाच मनगटावर बांधतात.