मागच्या ईदचे कपडे

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मागच्या ईदचा कुर्ता अजून होतोय याला, नवा कशाला शिवायचा?" शिलाईचे पैसे वाचले म्हणून आईला हायसं वाटतं. एका ईदेपुरतं हे ठीक आहे. पण मूल चार-पाच वर्षांच्या पुढे गेलेलं असेल आणि सलग दोन-तीन ईदा तोच पायजमा त्याच्या घोट्यापर्यंत बरोबर पोचत असेल, तर त्या घराने जरा थांबून विचार करायला हवा.

मुलांच्या वाढीचं गणित तसं सोपं आहे. जन्मतः बाळ साधारण ५० सेंटीमीटर लांब असतं. पहिल्या वर्षात ते सुमारे २५ सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात १० ते १२. त्यानंतर वाढ संथ होते, आणि चौथ्या-पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६ सेंटीमीटरच्या आसपास राहते. या वयात एखादं मूल वर्षाला ४ सेंटीमीटरही वाढत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. मूल वर्गात सर्वांत बुटकं असणं ही वेगळी गोष्ट. कुणीतरी सर्वांत बुटकं असणारच. महत्त्वाचं असतं ते वर्षभरात किती वाढलं ते.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. घरी दखनी, वर्गात उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी, असा आमचा आणि आमच्या मुलांचा दिवस जातो. दर जूनमध्ये आमच्या शाळेत मुलांची उंची आणि वजन घेतलं जातं. बहुतेकांना हे सरकारी काम वाटतं. रकाने भरायचे आणि वही कपाटात ठेवायची. काही वर्षांपूर्वी आम्ही चौथीच्या वर्गाची उंची लिहीत होतो, तेव्हा एका मुलाचे मागचे आकडे सहज काढून पाहिले. पहिलीत ९४, दुसरीत ९७, तिसरीत १०० आणि आता १०३. दर वर्षी नेमके तीन. मुलगा दहा वर्षांचा झाला होता, पण अनोळखी माणूस त्याला बालवाडीतला समजायचा. हात-पाय, धड, डोकं सगळं प्रमाणात. आवाज बारीक. पाढे तीसपर्यंत तोंडपाठ, उर्दूचं अक्षर वर्गात सर्वांत सुबक. मुलं त्याला ज्या नावाने हाक मारत, ते इथे लिहायची गरज नाही.

आम्ही त्याच्या घरी गेलो. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आई-वडील एकमेकांची खालाजाद भावंडं, म्हणजे दोघांच्या आया सख्ख्या बहिणी. दादी म्हणाल्या, "हमारे में सब ऐसेच हैं, बाद में बढ़ते." तेवढ्यात चहा घेऊन मोठी बहीण आली. वय तेवीस, बी. कॉम. झालेली, दुकानाचा सगळा हिशेब तिच्याकडे. तिची उंची ११८ सेंटीमीटर होती. दादी बोलल्या ते अर्धं खरं होतं. त्यांच्यात काहीजण असे होते, पण ते पुढे वाढलेले नव्हते.

मुलाच्या दंडावर तावीज होता. आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. दुआ आपल्या जागी, दवा आपल्या जागी, आणि दवा करणं हीही आपली शिकवणच आहे. आम्ही फक्त वहीतले चार आकडे वडिलांना दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आप बोलो, कहाँ लेके जाना?"

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात डावा हात आणि मनगट यांचा एक्स-रे झाला. हाडांचं वय कळतं ते त्यावरून. मग दवा देऊन दर अर्ध्या तासाने रक्त घेण्याची तपासणी झाली, कारण वाढीचं संप्रेरक रक्तात दिवसभर सारखं नसतं, ते लाटांसारखं येतं आणि सर्वांत मोठी लाट रात्री गाढ झोपेत येते. मुलाच्या रक्तात ती लाट उठतच नव्हती. मेंदूच्या एमआरआयमध्ये पिट्युटरी ग्रंथी अगदी छोटी दिसली. शेवटी जनुकाची तपासणी झाली आणि दोष सापडला.

डॉक्टरांनी जे समजावलं ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. वाढीचं संप्रेरक, म्हणजेच ग्रोथ हार्मोन, तिथे तयार होतं. पण ही ग्रंथी आपल्या मनाने ते सोडत नाही. तिच्या वर हायपोथॅलॅमस नावाचा मेंदूचा भाग आहे, तो एक वेगळं संप्रेरक पाठवून "सोड" असा हुकूम देतो. शाळेत मुख्याध्यापकांची नोटीस शिपाई वर्गावर आणतो आणि वर्गशिक्षक ती हातात घेऊन वाचतात, तसंच हे. ती नोटीस घेणारा हात म्हणजे रिसेप्टर, मराठीत ग्राही. पिट्युटरीच्या पेशींवर हे ग्राही बसलेले असतात. हुकूम ग्राहीवर पोचला की पेशी ग्रोथ हार्मोन बनवते आणि रक्तात सोडते. ते यकृताकडे जातं, तिथे आयजीएफ-१ नावाचा दुसरा पदार्थ बनतो, आणि दोघांच्या कामातून हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेत नवी वाढ होते. या मुलाच्या शरीरात हुकूम येत होता, कोठारही होतं, पण नोटीस घेणारा हात नव्हता. हा हुकूम पिट्युटरीच्या त्या पेशी वाढण्यासाठीही लागतो, म्हणून ग्रंथीही छोटीच राहिली होती.

हात का नव्हता? हा ग्राही ४२३ घटकांची एक साखळी आहे. ती कशी ओवायची याचा मजकूर आपल्या सातव्या गुणसूत्रावर लिहिलेला आहे. या मुलाच्या मजकुरात एकच अक्षर बदललं होतं, आणि त्यामुळे ७२व्या जागी घटकाऐवजी पूर्णविराम आला होता. ४२३ शब्दांचं वाक्य ७१ शब्दांवर संपलं. उर्दू शिकवणाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही. ‘हाल’ लिहून वर एक नुक्ता दिला की तो ‘ख़ाल’ म्हणजे तीळ होतो, आणि तोच नुक्ता पोटात दिला की ‘जाल’. एका ठिपक्यावर सगळा अर्थ उभा असतो.

या एका अक्षराचा इतिहास आपण वाचावा असा आहे. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात उंदरांची एक बुटकी जात आढळली, तिला ‘लिटल’ असंच नाव पडलं. १९९३ साली कळलं की त्या उंदरांच्या याच ग्राहीत दोष आहे. माणसातला पहिला दोष १९९६ साली नोंदवला गेला, तो एका भारतीय मुस्लिम खानदानातल्या जवळच्या नात्याच्या दोन मुलांमध्ये. तोच हा ७२व्या जागेचा पूर्णविराम. त्याच सुमारास शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले डॉ. हिरालाल माहेश्वरी आणि डॉ. गेरहार्ड बॉमान यांनी पाकिस्तानच्या सिंध प्रांतातल्या एका मोठ्या खानदानाचा अभ्यास केला. तिथे १८ माणसं अशी होती. पुरुषांची उंची सरासरी १३० सेंटीमीटरच्या आसपास, बायकांची त्याहून कमी. बुद्धी सर्वसाधारण, अंग प्रमाणबद्ध, आवाज बारीक. दोष तोच, अगदी त्याच जागेवर. पुढे श्रीलंकेतल्या एका तमिळ घरात तोच सापडला. मुंबईच्या डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली पश्चिम भारतातल्या अशा कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही तोच आढळला. शास्त्रज्ञांचा कयास असा की फार पूर्वी या उपखंडात कुणा एका पूर्वजात हा बदल झाला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप उतरत आला. माणसांनी मुलूख बदलले, जबान बदलली, सरहद्दी आखल्या, अक्षर तेच राहिलं.

म्हणून कुणी याला ‘मुसलमानांचा आजार’ म्हणू लागला तर त्याला ब्राझीलचं उदाहरण द्यावं. तिथल्या इताबायानिन्या या गावाच्या परिसरात याच ग्राहीच्या दुसऱ्या एका दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्यांत मिळून शंभराहून जास्त माणसं बुटकी आढळली, आणि ते गाव ख्रिस्ती आहे. समान गोष्ट एकच, पिढ्यान्‌पिढ्या आपसात झालेल्या सोयरिकी. आपल्याच महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत कितीतरी हिंदू घरांतही आहे.

गणित असं आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवते. अशा माणसाची उंची साधारण ठीकच असते, त्याला काही कळतही नाही. पण नवरा-बायको दोघांकडेही तीच बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्याच मिळतील. परक्या दोन घरांत तोच दुर्मीळ दोष असण्याचा संभव फार कमी. एकाच नाना-नानीच्या नातवंडांत तो बराच जास्त. यात आईचा दोष नाही, बापाचा नाही, गरोदरपणात पाहिलेल्या ग्रहणाचा नाही आणि शेजारणीच्या नजरेचा तर मुळीच नाही.

आता इलाजाविषयी. नोटीस घेणारा हात देता येत नाही, पण कोठारातला माल बाहेरून देता येतो. पूर्वी ग्रोथ हार्मोन मृत माणसांच्या पिट्युटरीतून काढत. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाला, आणि १९८५ साली ते थांबवलं गेलं. त्याच वर्षी जिवाणूंकडून प्रयोगशाळेत बनवलेलं हार्मोन अमेरिकेत मंजूर झालं. आज दिलं जातं ते प्रयोगशाळेत बनवलेलंच. रोज रात्री झोपण्यापूर्वी कातडीखाली बारीक सुईचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. खर्च दरमहा हजारोंत जातो. या घरात तो काही वडिलांनी उचलला, काही एका ट्रस्टने, काही मोहल्ल्यातल्या लोकांच्या जकातीतून आला. औषध थंड ठेवावं लागतं आणि घरी फ्रिज नव्हता, तर पहिलं वर्षभर ते शेजारच्या खालांच्या फ्रिजमध्ये राहिलं. मुलगा रोज इशानंतर वाटी घेऊन जायचा.

पहिल्या वर्षी तो १२ सेंटीमीटर वाढला. दुसऱ्या वर्षी ९. चार वर्षांत १०३चा १३७ झाला. बरोबरीच्या मुलांएवढा तो अजून नाही, पण मोठ्यांच्या सायकलवर बसून दुकानात जातो आणि पाय पॅडलला पोचतात.

बहिणीचाही एक्स-रे काढला होता. तिच्या हाडांच्या टोकांची कूर्चा बंद झालेली होती. ती एकदा बंद झाली की कितीही औषध दिलं तरी उंची वाढत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ती गप्प होती. घरी आल्यावर तिने इंजेक्शन देणं शिकून घेतलं, आणि तेव्हापासून रोज रात्री भावाला तीच टोचते. तिला पाहायला आजवर तीन स्थळं आली. चहा-नाश्ता झाला, लोक उठून गेले. आम्हाला ती एकदा म्हणाली, "मेरे टाइम पे किसी ने लिख के नहीं रखा." तेरा वर्षं शाळेत गेलेली मुलगी. ज्या ज्या शाळेत मुलांची उंची मोजतात, तिथल्या सगळ्या शिक्षकांना हे वाक्य लागू आहे.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, बुटकी दिसणारी बहुतेक मुलं या आजाराची नसतात. काहींचे आई-वडीलच ठेंगणे असतात, काहींना पोटभर सकस अन्न मिळत नाही, काहींचं थायरॉईड किंवा पोट बिघडलेलं असतं. म्हणून घाबरू नये. पण टीव्हीवरच्या उंची वाढवणाऱ्या पावडरींवर आणि बारला लटकण्यावर वर्षं घालवू नयेत. दर सहा महिन्यांनी मुलाला चपला काढून भिंतीला उभं करा, टाच, पाठ आणि डोकं टेकवा, डोक्यावर पुस्तक आडवं धरून खूण करा, तारीख आणि आकडा वहीत लिहा. मुलीचंही लिहा. मुलगा वाढला नाही तर घर हलतं, मुलगी वाढली नाही तर "लडकी है, चलता" म्हणतात. आकडे हलत नसतील तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि वही सोबत न्या.

निकाहाच्या गोष्टीही मोकळेपणाने बोलाव्यात. खाला, फुफी, मामू, चाचा यांच्या घरात सोयरीक शरीयतमध्ये जायज आहे, पण फर्ज नाही. ज्या खानदानात अशी बुटकी माणसं आहेत, तिथे बात पक्की करण्याआधी मुला-मुलीच्या रक्ताची जनुक तपासणी होऊ शकते. ती करायला सांगणाऱ्याला बदनाम करू नये, आणि तपासणीत काही निघालं म्हणून त्या मुलीची किंवा मुलाची चर्चा मोहल्ल्यात होऊ नये.

आणि ज्यांची वाढायची वेळ निघून गेली आहे, त्यांना त्यांच्या नावाने हाक मारावी. त्या मुलीला सध्या एका पतपेढीत नोकरीचा बोलावा आहे. मुलाखतीच्या पत्रात शैक्षणिक पात्रता विचारली आहे, उंची विचारलेली नाही. घरी स्थळ घेऊन येणाऱ्यांनीही तेवढं केलं तर बरं.