धार ते देवास

मागे आम्हांस माळव्यात जाण्याचा योग आला. धार येथे आमच्या सेमिनरीतील एका जुन्या सोबत्याची भेट घ्यावयाची होती. बरोबर आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध शेतकरी होते. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. त्यांचा धाकटा भाऊ देवासला कारखान्यात नोकरीस लागून तेथेच स्थायिक झालेला. जमिनीच्या वाटणीवरून दोघांचे बिनसले होते. नऊ वर्षांत पत्र नाही की निरोप नाही.

धारला पोहोचलो त्या संध्याकाळी बाबांनी हळूच विचारले, "फादर, येथून देवास किती लांब?"

आम्ही उत्साहाने नकाशा उघडला. सरळ रेघेने मोजले तर सुमारे ८५ ते ९० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला सहा-सात मिनिटांचे काम! हे ऐकून बाबा म्हणाले, "मग विमान कधी सुटते?"

आम्ही ओशाळलो. धारहून देवासला उतारूंचे विमान जातच नाही. विमानतळ आहे तो इंदूरला, वाटेच्या मध्ये. हवेतले अंतर पाखरांच्या उपयोगाचे. माणसाला रस्ताच धरावा लागतो. धार ते इंदूर साठ-पासष्ट किलोमीटर, तेथून देवास आणखी पस्तीस-चाळीस. म्हणजे सारे मिळून सुमारे शंभर. इंदूरला गाडी बदलावयाची, म्हणजे तीन तास तरी हवेत.

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तीनच तास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसमध्ये बसलो. वेळ जावा म्हणून आम्ही इतिहास सांगू लागलो. धारला पवारांचे राज्य होते, तसे देवासलाही पवारांचेच. परंतु देवासला तुकोजीराव आणि जिवाजीराव असे दोघे भाऊ. त्यांच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. गाव एकच, पण राजे दोन आणि कारभारही दोन. असे पिढ्यान् पिढ्या चालले.

"पुढे काय झाले?" बाबांनी विचारले.

"१९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली."

"म्हणजे अखेर दोघांचीही गेली," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

इंदूरला दुसरी गाडी मिळण्यास उशीर झाला. देवासला घर शोधून दार ठोठावले तेव्हा दुपार झाली होती. दार भावानेच उघडले. तो क्षणभर पाहत राहिला. आम्ही दोन शब्द बोलण्याच्या तयारीत होतो. उपदेश करण्याची सवय लवकर सुटत नाही. पण त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही. "दादा, जेवून आलात का?" एवढेच त्याने विचारले. बाबांनी मानेनेच नाही म्हटले आणि उंबरठ्याबाहेर चपला काढल्या.

जमिनीचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, अद्यापही सुटलेला नाही. पण आता पत्रे येतात.

वाचकहो, किलोमीटरचा आमचा हिशेब बरोबर होता, तरीही शंभर किलोमीटरांचा तो रस्ता बाबांना नऊ वर्षे सरला नव्हता. तुमच्यापैकी कोणाचे देवास दूर परगावी असेल, कोणाचे एका भिंतीपलीकडे. गाडी केव्हा सुटते, तेवढे आजच विचारून ठेवावे.