गायरान, बांध आणि जगाची हेक्टरं

२१ मार्च २०२४, गुरुवार

आज जागतिक वन दिन. परभणी जिल्ह्यात तो साजरा करायचा म्हणजे आधी वन शोधायला निघावं लागतं. जिल्ह्याच्या क्षेत्रफळात जंगल शेकड्याला एकाच्या आसपास, आणि त्यातलं सांगण्यासारखं आमच्या जिंतूरच्या डोंगरात. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा औंढा-कळमनुरीकडची झाडी तिकडे गेली. आम्हाला राहिली काळी जमीन, आणि काळ्या जमिनीतलं जंगल ज्वारी-कापसाने कैक पिढ्यांपूर्वीच संपवलेलं.

संध्याकाळी नेमगिरीकडे चक्कर मारली. धावडा, खैर, हिवर, मध्येच एखादा मोह. पळस फुलून गेलेला. गवत वाळून कोळ झालंय. कुणाची बिडी पडायचा अवकाश.

मनात आकडा घोळतोय तो वेगळाच. २०११ साली जर्मनीतल्या बॉनमध्ये एक जागतिक संकल्प सुरू झाला : उजाड आणि खराब झालेल्या जमिनी पुन्हा सावरायच्या. भारताने त्यात आधी २ कोटी १० लाख हेक्टरांचा शब्द दिला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये ग्रेटर नोएडाच्या वाळवंटीकरणविरोधी परिषदेत पंतप्रधानांनी तो २ कोटी ६० लाखांवर नेला. मुदत २०३०. शब्द चांगलाच आहे. पण एवढी हेक्टरं दिल्लीत नसतात, ती कुठल्या तरी गावच्या सातबाऱ्यावर असतात. आमच्याकडे ती एकाच ठिकाणी सापडतील, गायरानात.

३ एप्रिल, बुधवार

गायरानातल्या रोपांना पाणी घालणाऱ्या बाया सकाळी सातलाच हजर. आधी मोबाइलवर हजेरीचा फोटो, मग घागर. परवापासून रोजगार हमीची मजुरी २७३ ची २९७ झाली, त्याची चर्चा. पंचेचाळीस सेंटिमीटरचा खड्डा, त्यात कडुलिंबाचं रोप, भोवती वाळलेल्या बोरीच्या फांद्या. आळ्यात पाणी ओतलं की भेग आधी ‘भसकन’ पिऊन टाकते. दुसरी घागर ओतावी तेव्हा कुठे रोपाला घोट मिळतो.

एक मावशी म्हणाली, “गुरुजी, झाड जगलं तर पंचायतीचं, वाळलं तर आमचं.” याच्यावर काय बोलायचं?

याच गायरानाच्या कडेला जुन्या सुबाभळीची आणि निलगिरीची ओळ आहे. १९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरण खातं निघालं, त्याच्या कामाला अमेरिकेच्या यूएसएआयडीचा पैसा होता. सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची. तिची उंच वाढणारी जात हवाईहून आणून उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ने ती गावोगाव नेली. पुढे १९९२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र वानिकी प्रकल्प आला आणि संयुक्त वन व्यवस्थापनाच्या समित्या झाल्या. परदेशी मदत आमच्या भागाला नवी नाही. आमचं सरपण चाळीस वर्षं सुबाभळीवरच चाललंय, हेही प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. सुबाभळीला नावं ठेवणारे बहुतेक गॅसवर स्वयंपाक करणारे असतात.

९ मे, गुरुवार

दुपारी वीज नाही. न्यूयॉर्कला या आठवड्यात राष्ट्रसंघाच्या वन मंचाची एकोणिसावी बैठक चालू आहे. २०३० पर्यंत जगाचं वनक्षेत्र तीन टक्क्यांनी वाढवायचं हे त्यांच्या सहा उद्दिष्टांतलं पहिलं. याच मंचाच्या कामासाठी गेल्या ऑक्टोबरात भारताने डेहराडूनला देशोदेशींची माणसं बोलावली होती. विषय दोन : वणवे आणि लाकडाचं प्रमाणीकरण.

वणव्याचं पटतं. धूर सीमा बघत नाही, उपाय एकमेकांना सांगितलेच पाहिजेत. प्रमाणीकरणावर मात्र हसू आलं. लाकूड जंगलाचं नुकसान न करता आलंय असा दाखला परदेशातल्या गिऱ्हाइकाला द्यायचा. आमच्या शेतकऱ्याला बांधावरचा स्वतः लावलेला साग तोडायचा तर सातबारा, नकाशा, अर्ज, पंचनामा आणि मग वाहतुकीचा परवाना. त्याचा दाखला आधी तालुक्यातून सुटू दे.

५ जून, बुधवार

पर्यावरण दिन. दिल्लीत पंतप्रधानांनी पिंपळ लावून ‘एक पेड माँ के नाम’ सुरू केलं. आमच्याकडे मृगाची वाट.

१४ जून, शुक्रवार

गायरानात नवे खड्डे पडले आणि भांडण झालं. खड्ड्यांची रांग ज्या तुकड्यातून गेली तो एका भूमिहीन कुटुंबाच्या वहिवाटीत आहे, आज्यापासून. त्यांनी नुकतीच तूर टोबलेली.

संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसलो. घरच्या म्हाताऱ्याने लोखंडी पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत जुन्या दंडाच्या पावत्या, कडा उंदराने खाल्लेल्या. अतिक्रमण केलं म्हणून सरकारने घेतलेला दंड हाच त्यांचा वहिवाटीचा पुरावा. शिवाय गाव नमुना एक-ईची, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीची नक्कल. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय त्यांना पाठ आहे : १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची. मराठवाड्यात दादासाहेब गायकवाडांपासून चाललेल्या भूमिहीनांच्या लढ्यातून ते मिळालं. मग नावावर नोंद का झाली नाही? “हेलपाटे मारून चपला झिजल्या सर, काम काही झालं न्हाई.” २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशामागोमाग राज्यभर गायरानात नोटिसा निघाल्या, तशी यांनाही आली.

वरून उपग्रहाला ही जमीन मोकळीच दिसणार, कारण उन्हाळ्यात तूर नसते. बॉनच्या हेक्टरांत तिची भर पडेल आणि अहवालात कुणाचंच पोट मारल्याची नोंद होणार नाही. झाडाला माझा विरोध नाही, उभं आयुष्य पोरांकडून झाडं लावून घेतली. पण ज्याचा हक्क लटकलेला आहे त्याच्या पोटावर लावलेलं झाड तो राखणार नाही. त्याच्या शेळ्याही राखू देणार नाहीत. आधी नोंद, मग खड्डा, हा क्रम लावायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

काल मंत्रिमंडळाने ठरवलं : विनापरवाना झाड तोडल्याचा दंड एक हजाराचा पन्नास हजार. १९६४ च्या कायद्यातल्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग सगळे आहेत.

आज शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये निंदण चालू होतं. बांधाला लागून आंब्याची कोय उगवलेली, तांबूस चार पानं, वीतभर उंच. शेजाऱ्याने खुरप्याचं टोक मुळाशी घातलं आणि कोयीसकट उपटून बाहेर फेकली. मी म्हटलं, “अहो, राहू द्यायची होती.” ते म्हणाले, “गुरुजी, आत्ता उपटली तर गवत. दहा वर्षांनी हात लावला तर केस.”

आधीच बांधावरच्या झाडाने ज्वारीची दोन तासं सावलीत जातात. पूर्वी बाभळीचं औत व्हायचं, वखर व्हायचा, गाडीचं चाक व्हायचं, म्हणून ती सोसली जायची. ट्रॅक्टर आला आणि ती निकामी ठरली. वर हा दंड. आणि याच जिल्ह्यात २०१८ साली जागतिक बँकेच्या पैशावर ‘पोकरा’ सुरू झाला, पाच हजारांवर गावांचा प्रकल्प, जो फळबागेला अन् झाडाला अनुदान देतो. एकाच बांधावर एक हात पैसे देतो, दुसरा धाक.

३ सप्टेंबर, मंगळवार

पोळा पाण्यात गेला. परवा रात्रीपासून धो धो, पाथरीकडे तर कहर. पुलांवरून पाणी, बैलं गोठ्यातच पुजली. आज शिवारात फिरलो. बोडके बांध फुटून माती नाल्याला गेली. बोर, हिवर आणि घायपाताची जुनी गर्दी असलेला बांध तेवढा शाबूत.

२२ डिसेंबर, रविवार

काल डेहराडूनला देशाचा वन स्थिती अहवाल आला. जंगल आणि झाडोरा मिळून देशाच्या २५.१७ टक्के. एक हेक्टर जागा आणि दहा टक्के सावली एवढं जमलं की ते वनाच्छादन, मालक कोणीही असो, झाड कुठलंही असो. आमराईसुद्धा त्यात बसते. त्याहून सुट्या, तुरळक झाडांच्या आच्छादनात मात्र महाराष्ट्र देशात पहिला आहे, १४,५२५ चौरस किलोमीटर. ही झाडं वनखात्याने राखलेली नाहीत. बांधावर, विहिरीवर, घरामागे माणसांनी राहू दिलेली आहेत.

म्हणून जिनिव्हा-न्यूयॉर्कहून निधी येणारच असेल तर तो रोपांच्या पिशव्यांवर कमी आणि दोन गोष्टींवर जास्त खर्चावा असं माझं मत झालंय : गायरानधारकांची मोजणी आणि नोंद, अन् स्वतः लावलेलं झाड तोडायची, विकायची सोपी मुभा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एक-ईची नोंदवही वाचून दाखवावी, असा अर्ज ग्रामसेवकांकडे दिला आहे. ज्यांच्या गावात गायरान आहे त्यांनीही द्यावा. कागद साधाच लागतो.